जाळीपुढची मोकळी जागा

सोमवार, २ मार्च

फळा काढला! भिंतीवर नुसता चौकोन उरलाय, पांढराफटक. सकाळी कामावर आले तर चष्मा स्टुलावर उभा राहून खिळे उपटतोय. चष्मा म्हणजे आमच्या वृद्धाश्रमाच्या ऑफिसातला कॉम्प्युटरवाला. सगळे त्याला चष्माच म्हणतात, तोही ओ देतो.

"मावशी, आजपासून खडू बंद. तुम्ही इथं खाली टाइप करायचं, वरच्या मजल्यावर टॅबवर दिसणार."

टाइप कोण करणार? तर मी. चौथी पास. का, तर स्वयंपाकघर माझ्या ताब्यात. कुठल्या खोलीतल्या म्हाताऱ्याला काय द्यायचं, काय नाही, हे रोज मी लिहायचं. वरच्या आया ते वाचून भरवतात. डोकं कुणी चालवत नाही. लिहिलंय ते द्यायचं.

मला स्वतःची काळजी नाही. चुकले तर बोलणी खाईन, चार मीही ऐकवीन. पण खोली चारमध्ये माझा दादा आहे.

झटका आल्यापासून त्याची उजवी बाजू गेली, बोलणं अर्धं गेलं आणि गिळणं बिघडलं. गिळण्याची डॉक्टरीण आहे एक, तिनं बजावून सांगितलंय – पाणी, चहा, पातळ काहीही त्याच्या गळ्यातून सरळ फुफ्फुसात उतरतं. त्याच्या पाण्यात पूड कालवून ते दाट करायचं आणि चमच्यानं द्यायचं. आम्ही त्याला खळ म्हणतो. दिसतंही तसंच.

फळ्यावर त्याची ओळ मी लाल खडूनं लिहायचे. "चष्मा, लाल कुठाय यात?" म्हटलं. "लाल नाही मावशी."

लाल नाही म्हणे!

३ मार्च

आज पहिल्यांदा लिहिलं. खोली एकीकडे, जेवण मध्ये, पाणी शेवटी – तीन सरळ रकाने. स्पेसची लांब पट्टी दाबून दाबून अंगठा दुखला. दिसायला झकास! वर जाऊन टॅबवर बघते तर सगळं एकाला एक चिकटलेलं. बस भरल्यासारखं.

चष्मा हसला. "मावशी, तुम्ही शंभर स्पेस द्या, ते एकच धरतं."

मग बाकीच्या नव्याण्णव गेल्या कुठं? मी दाबल्या होत्या की!

५ मार्च

आज त्यानं नीट बसून शिकवलं. याला मार्कडाउन म्हणतात म्हणे. रंग नाही, आकार नाही, नुसत्या खुणा. खोलीचा आकडा ठळक हवा तर आधी जाळी काढायची. दोन उभ्या, दोन आडव्या रेघा, ती जाळी. मग एक जागा मोकळी सोडायची. मग खोलीचा आकडा. जाळी दिसली की टॅबवर त्या खोलीचा वेगळा चौकोन तयार होतो. खाली प्रत्येक पदार्थाआधी आडवी रेघ, तिच्यापुढेही एक जागा मोकळी.

"आणि नाही सोडली तर?"

"तर त्याला ती जाळी कळत नाही. चौकोन होत नाही. ती ओळ वरच्याच खोलीत जाऊन बसते."

मी त्याला परत म्हणायला लावलं. म्हणजे पाच नंबरच्या आधीची मोकळी जागा राहिली, तर पाच नंबरचं जेवण चारच्या चौकोनात?

"हो ना."

पाच नंबरला मास्तर आहेत. तब्येतीनं ठणठणीत. त्यांच्या नावाखाली रोज लिहायचं – नेहमीचं जेवण, चहा चालेल.

हा पोरगा 'हो ना' म्हणाला आणि चहा प्यायला निघून गेला. मी तिथंच बसून राहिले.

८ मार्च

नवीन भानगड. एंटर मारला म्हणजे खालची ओळ, असं कुणीही समजेल. इथं नाही! मी खाली लिहिलेलं ते परत वरच्या ओळीला जोडतं. ओळ खरंच तोडायची तर ओळीच्या शेवटी दोन जागा मोकळ्या सोडायच्या आणि मग एंटर. शेवटी! जिथं काहीच नाही, तिथं आणखी दोन वेळा काहीच नाही.

"दिसणार कशा मला त्या?"

"नाही दिसणार."

वरचा टॅब खोली चारच्या बाहेर भिंतीला आहे. त्यावरूनही बदल करता येतो, सिस्टरना ऐन वेळी काही सांगायचं असलं तर. तिथं करून बघितलं. दोन जागा दाबल्या तर त्या आगाऊ यंत्रानं स्वतःच पूर्णविराम टाकला! मी मागितला होता का?

घरी आमच्या ह्यांना सांगितलं. "रिकाम्या जागेला काय घाबरतेस, भरलेल्या भांड्याला घाबर," म्हणे. आणि पेपर तोंडावर.

९ मार्च

आज पाच वेळा तपासलं. कर्सर एक एक घर पुढे नेऊन मोजायचा, म्हणजे मोकळी जागा आहे की नाही ते कळतं. चुली पेटवायला उशीर झाला.

११ मार्च

दादाची ओळ ठळक दिसावी म्हणून जरा आत सरकवून लिहिली, पत्रात नवा मजकूर सुरू करतात तशी. चार जागा सोडल्या. वर ती राखाडी पेटीत जाऊन बसली, अक्षरंही वेगळीच. बडबडी आया – तिचं तोंड झोपेतही बंद नसेल – गाडी ढकलत खाली आली आणि ओरडली, "काय हो मावशी, तुमच्या भावाच्या भाजीला तुरुंगात घातलंत का?"

सगळे हसले. मीही हसले. पण पुढे चार जागा तर तुरुंग, मागे दोन तर नवी ओळ, मध्ये शंभर तर एक, आणि जाळीपुढे एक नाही तर माणूस मरेल. ही काय लिहायची रीत झाली!

१४ मार्च

आज दुपारी दादाजवळ बसले. त्याची चाकाची खुर्ची दुपारभर दाराबाहेर लावतात, जरा येणारं-जाणारं दिसावं म्हणून. हा आपला भिंतीकडे बघत बसतो. झटक्यापासून हसला म्हणून नाही. चमच्यानं खळ भरवली तर तोंड असं केलं, जसं लहानपणी एरंडेल पिताना करायचा.

मी आपलं माझं रडगाणं लावलं. मोकळ्या जागा, जाळी, सगळं. आणि दादा हसला! अर्ध्या तोंडानं, पण हसला. जन्मभर छापखान्यात खिळे – शिशाची अक्षरं – जुळवले त्यानं. डाव्या हाताची दोन बोटं जुळवून मला काहीतरी चिमटीत धरून दाखवायला लागला.

"रिकामा... तोही... खिळाच, ठमे."

मला कळलं. शब्दामध्ये मोकळं सोडायचं तर तिथंही शिशाचा तुकडा बसवायला लागायचा. नाही बसवला तर अक्षरं सरकायची. रिकामं असं काही नसायचंच त्यांच्याकडे.

मग टॅबकडे बोट दाखवलं. "दाखव."

मी खुर्ची भिंतीशी नेली आणि सगळं दाखवलं. बदलायचं कुठून, जाळी कुठली, जागा कुठली, ती गेली तर काय होतं. एक मोकळी जागा पुसून दाखवली – पाच नंबरचा चौकोन गडप! परत घातली – आला! दादाचे डोळे चकाकले. दोनदा करायला लावलं.

किती दिवसांनी बरं वाटलं. कुणीतरी ऐकलं तरी.

१९ मार्च

दादाला चहा दिला.

बडबडीनं दिला. टॅबवर चारच्या चौकोनात शेवटची ओळ – चहा चालेल. तिनं वाचलं आणि दिला. अर्धा कप गेला पोटात. पोटात कसला! खोकला थांबेना, ओठ काळेनिळे झाले. मोठ्या सिस्टरनं नळी घालून ओढून काढलं. मी खाली कांदा चिरत होते. वरून कुणी हाक मारली, "मावशी, लवकर" – त्या आवाजावरूनच कळलं. पायऱ्या कशा चढले आठवत नाही. सुरी हातातच होती. सिस्टर म्हणाली, "आधी ती ठेवा."

पाचच्या आधीची जागा नव्हती. जाळीला आकडा चिकटलेला. मास्तरांचा चौकोन नाहीसा, त्यांना दुपारचा चहा कुणी दिलाच नाही. ते बिचारे गप्प बसून होते.

मी सकाळी तपासलं होतं. तपासलं होतं!

तपासलं होतं ना?

२० मार्च

दादाला ताप. छातीत घरघर. बडबडीला घरी बसवलंय, चौकशी होईपर्यंत. जाताना माझ्याकडे आली. आज बोलत नव्हती. फक्त म्हणाली, "मावशी, मी लिहिलेलंच दिलं हो."

हो ग बाई. मी काय सांगू तुला?

२१ मार्च

ताप आहेच.

२४ मार्च

उतरला. डॉक्टर म्हणाले, या वेळी निभावलं.

मला आता त्या पडद्यासमोर बसवत नाही. बोट उचललं की घाम फुटतो. लिहिते, तपासते, उठते, परत येऊन तपासते. चष्म्याला बोलावून तपासायला लावते. घरी भाकऱ्या थापताना तरी विसरावं, तर नाही, घरीही तेच. ह्यांनी काल विचारलं, "अशी हवेत बोटं काय मोजतेस?" मला पत्ताच नाही मी मोजतेय याचा.

वाटतं, डोकं जायला लागलंय माझं. आमच्या आईचं गेलं होतं शेवटी. गॅस पेटवून विसरायची. माझंही सुरू झालं असलं तर? कुणाला सांगायचं? सांगितलं तर कामावरून काढतील, आणि मग दादाचं कोण लिहिणार? दुसरं कुणी? त्याच्यावर माझा विश्वास नाही. माझ्यावरही नाही.

२६ मार्च

परत तेच!

सकाळी मी बघितलं, चष्म्यानं बघितलं, जागा होती. दुपारी चहाच्या वेळेला मला चैन पडेना म्हणून हात न पुसताच वर धावले. चारच्या चौकोनाखाली – चहा चालेल. आणि बदलीवर आलेली आया कप घेऊन दादाच्या तोंडाशी! मी तो कप असा हिसकला की भिंत रंगली. आया किंचाळली, "अहो वेड लागलंय का तुम्हाला?"

दादा माझ्याकडे बघत होता. घाबरून नाही. रागानं.

का, ते मला कळलं नाही.

मग खाली जाऊन चष्म्याची कॉलर धरायची तेवढी बाकी ठेवली. "भूत आहे का यात?" त्यानं काहीतरी उघडलं. कधी काय बदललं ते सगळं त्यात राहतं म्हणे. आधी सांगायला काय झालं होतं! सकाळचं लिहिलेलं माझं, बरोबर. दुपारी एकच बदल – एक मोकळी जागा पुसली. बाकी एक अक्षर इकडचं तिकडे नाही. एकोणीस तारखेलाही तसंच.

"कुणी पुसली?"

"कुणी ते नाही कळत. कुठून ते कळतं. वरच्या टॅबवरून."

म्हणजे मी नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. पण मग कुणीतरी माझ्या भावाला मारायला बसलंय.

२७ मार्च

जेवणं झाल्यावर वर गेले आणि चादरींच्या खोलीत दार किलकिलं करून उभी राहिले. मजला शांत. सिस्टर दुसऱ्या टोकाला. दादा खुर्चीत, भिंतीशी, रोजच्यासारखा.

मग त्याचा डावा हात वर गेला. खुर्ची जरा पुढे ओढली. अंगठा लावला. घाई नाही, चाचपडणं नाही. एक जागा पुसली आणि हात परत मांडीवर. शहाण्यासारखा बसला.

मी बाहेर आले.

"दादा."

दचकला नाही. म्हणाला, "चहा."

"मरशील!"

"चहा, ठमे."

"अरे, गेल्या खेपेला तोंड निळं पडलं होतं तुझं! ती बडबडी घरी बसलीय तुझ्यापायी! मास्तर चहाविना राहिले! मी वेडी झाले असं वाटत होतं मला, रोज मरत होते मी!"

तेव्हा मात्र मान खाली घातली. मग एक एक शब्द ओढून काढला – "खळ... गिळून... जगायचं?"

मी त्याच्या थोबाडीत मारायला हात उचलला होता. मोठ्या भावाच्या. कसाबसा आवरला. जागा परत घातली आणि खाली आले.

मीच शिकवलं त्याला. दोनदा करून दाखवलं.

२८ मार्च

मोठ्या सिस्टरला सांगून टाकलं. लपवून ठेवायचं तर बडबडीनं का भोगायचं? सिस्टरनं कपाळाला हात लावला, मग तोंड फिरवलं. मला वाटतं हसू दाबत होती. टॅबला कुलूप लावलं, आकडे घातल्याशिवाय आता कुणाला बदलता येत नाही.

संध्याकाळी बडबडी हजर! "मावशी, तुमचा भाऊ भारीच हो! अर्धं अंग लुळं तर ही तऱ्हा, धडधाकट असता तर बँक फोडली असती!" दादाच्या गालाला चिमटा काढून गेली. कुणाची भीडभाड नाही बाईला.

झालं. आता भ्यायचं काही कारण नाही.

३० मार्च

दादा जेवत नाही.

३१ मार्च

दात घट्ट मिटून घेतो. बडबडीनं करून बघितलं, सिस्टरनं बघितलं, मी. त्याला आवडतं तसं मऊ शिजवून नेलं, भोपळा, वर तूप. चमचा ओठाला लावला की तोंड भिंतीकडे. रागावले, रडले, पाया पडते म्हटलं. ऐकत नाही.

मास्तर आपल्या दारातून म्हणाले, "बाई, माझ्या चहातला त्यांना..." मी असं बघितलं की वाक्य तिथंच राहिलं.

टॅबवर सगळं जागच्या जागी आहे. जाळी, जागा, चौकोन. एवढं बरोबर कधी नव्हतं.

१ एप्रिल

गिळण्याची डॉक्टरीण येऊन गेली. दादासमोरच बोलली, ते मला आवडलं. गिळणं आता सुधारायचं नाही म्हणाली. दोन वाटा आहेत. एक, नाकातून नळी, जन्मभर. दुसरी, त्यांना हवं ते थोडं थोडं द्यायचं, धोका आहे हे समजून उमजून. पण जवळच्या माणसाची सही लागेल. दादाला विचारलं. नळी म्हटल्यावर त्यानं डावा हात असा झटकला की तिचं पेन उडालं. दुसरं विचारलं तर मान हलवली. हळू. मग माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे मी सही करून मारू त्याला?" मी तिला तोंडावर विचारलं.

"मारायचं नाही हो. ते जेवढे दिवस आहेत, त्यांत त्यांना काय हवंय ते बघायचं."

"सांगायला काय जातंय तुमचं!"

ती सहीचा कागद टेबलावर ठेवून गेली. मी घडी घालून पदराखाली खोचला. सही करणार नाही. मरेस्तोवर करणार नाही.

२ एप्रिल

नुसता ओठ ओला करायला बोळा लावला तर तो चोखत राहिला. सोडेना.

ह्यांना म्हटलं, तुम्ही काय केलं असतं? पेपर खाली ठेवला. "त्याच्या जागी तू असतीस तर मला नसतं जमलं," म्हणाले. आणि मग, "पण तू माझ्यापेक्षा धीट आहेस."

कुठली धीट!

३ एप्रिल

सही केली. खोली चारखाली आज मीच लिहिलं – चहा, पातळ, दुपारी. बहीण स्वतः पाजेल.

पाणी उकळलंय. वर जाते.